हिराजीनानांची तंगडी

गेअरचं ऑइल चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बोट बुडवायचं (हाताचं, होडी बुडवणारे वेगळे), जिभेच्या टोकाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग आचाऱ्याने आमटीबद्दल सांगावं तसं सांगायचं, "खारं हाय. पानी शिरलंय." एवढ्यावर थांबले तर ते हिराजीनाना कसले? "आनि ह्ये आपल्या खाडीचं नाय. उरनच्या बाजूचं हाय."

मी रबाळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. तिथे ऑइल तपासायला एसीची खोली होती, पांढऱ्या कोटातली दोन माणसं होती. नानांच्या जिभेपुढे ती खोली म्हणजे निव्वळ वीजबिल.

बेलापूरला आमच्या सोसायटीची भिंत संपते तिथे कोळीवाडा सुरू होतो, आणि पाण्याकडून मोजलं तर पहिलं घर नानांचं. वय विचाराल तर म्हणतात, "साठनंतर मोजलंच नाय." घरासमोर ओट्याशेजारी त्यांची लाकडी होडी सहा वर्षं निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. काचबिंदूने जनाकाकींचे डोळे गेले, त्या आठवड्यात नानांनी होडी वर ओढली ती ओढलीच. बायकोला एकटं टाकून खाडीत जायचं नाही, एवढा साधा हिशोब.

पण काकींच्या डोक्यात भलतंच बसलं. "होरी इकली ह्यानी," त्या मला सांगायच्या, "आनि माझ्याशी खोटं बोलतंय म्हातारं." एकदा नानांनी त्यांना हात धरून नेलं, फळीवर हात ठेवला. काकींनी फळी चाचपली आणि म्हणाल्या, "लाकूड तं कोनाचंबी असतंय."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "ओ रबाळे, चला. तंगडी उतरवायची हाय. होरी पान्यात घालतो, घरासमोरनं नेतो, मंग बगू कशी नाय म्हनते!"

तंगडी म्हणजे होडीमागे टांगलेल्या मशीनचा पाण्यात बुडणारा खालचा भाग: आत शाफ्ट आणि गेअर, टोकाला पंखा. सहा वर्षांत तिथे काय काय जमलं होतं, सांगितलं तर खोटं वाटेल. शिंपले निघाले, मुंग्यांचं गाव निघालं, एक सरडा तर असा रागाने बाहेर आला की आम्ही त्याला नोटीस द्यायला हवी होती. मी पाना घेऊन पुढे झालो, तर नानांनी हात धरला. "लगेच हात नको लावू. लाजतंय ते." आधी त्यांनी मशीनच्या पाठीवरून फडकं फिरवलं, दोन शब्द बोलले, मग बोल्टावर रॉकेल सोडून बिडी ओढत बसले. बिडी संपली आणि बोल्ट दोन बोटांनी फिरला. शपथेवर सांगतो, दोन बोटांनी!

तळाचा स्क्रू काढला तर आतून दुधाळ चहा वाहिला. तोच नानांनी चाखला. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला होता; त्याने रबरी सील खाल्लं होतं आणि तिथून पाणी शिरलं होतं. सील नवीन बसवलं, शाफ्टला ग्रीस चोपडलं. ऑइल मी वरून ओतायला निघालो तेव्हा नाना इतके हसले की खाडीतले रोहित पक्षी उडाले. "खालनं भरायचं, मास्तर! वरच्या भोकातनं बाहेर आलं का समजायचं, पोट भरलं." आतली हवा जायची ती वरूनच जाणार, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

माझ्या वाट्याला एकच काम आलं होतं. पंख्याचं एक पातं वाकडं होतं. नाना सीलमध्ये गुंतलेले असताना मी तो पंखा कारखान्यात नेला आणि ओळखीच्या पोराकडून असा सरळ, समतोल करून आणला की गणपतीपुढे ठेवावा. नानांनी न बघताच बसवला.

रविवारी दुपारी भरतीला होडी पाण्यात गेली. तिसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा मशीन सुरू झालं आणि होडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मी छाती फुगवली. नानांच्या कपाळाला मात्र आठी. काकी ओट्यावर बसून हाताच्या अंदाजाने जवळा निवडत होत्या. आम्ही समोरून गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

धक्क्याला लागून नाना धावत ओट्यापाशी गेले. "आयकलंस?"

"आयकला. कोना शेठची बोट हाय? आवाज चांगला हाय."

नाना माझ्याकडे वळले. "पंख्याला काय केलंस रं?"

मी सांगितलं. त्यांनी पंखा काढला, धक्क्याच्या दगडावर ठेवला आणि हातोडा उचलला. पहिला घाव. कान लावून हाताने फिरवला. दुसरा. पुन्हा कान. तिसरा घाव इतका हलका की माशीसुद्धा उठली नसती. मापपट्टी नाही, खूण नाही. सहा वर्षांपूर्वीचा वाकडेपणा त्या माणसाने नुसत्या कानाने परत आणला. मी हजारो घाव पाहिलेत, असे तीन पाहिले नाहीत.

होडी पुन्हा निघाली. आता बुडाखालून थाप येत होती: डुगडुग, डुग. डुगडुग, डुग. माझे दात हलत होते.

ओट्यावर काकींचा हात जवळ्यात थांबला. त्या उठल्या. पदर खोचला आणि भिंत चाचपत घरात गेल्या. सून "आत्या, गॅसपाशी नको!" करत मागे धावली.

मी ओरडलो, "नाना, ओळखलं! चला, वळवा!"

नानांनी खाडीच्या मध्यावर मशीन बंद केलं. 

"आत्ताच नको," ते हळूच म्हणाले. "ह्यो आवाज आयकला का ती भात टाकते. शिजाला येल तं लागंल ना."