शेषरावांचं पोटातलं पब्लिक

अमडापुरात शेषरावांच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची साधी गोळी मागितली, तरी आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "पोट साफ होते का?" आणि हे ते अशा आवाजात विचारतात, की समोरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यालाही आपणच उत्तर द्यावं असं वाटतं.

शेषरावांच्या मते माणूस कधीच एकटा नसतो. त्याच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. शेषराव त्यांना 'पब्लिक' म्हणतात. "तुम्ही कुठी जेवता? पब्लिक जेवते! पब्लिक नाराज झाली का सरकार पडलंच समजा." चिठ्ठीशिवाय कुणी अँटिबायोटिक मागितलं, की ते चक्क हात जोडतात. "काऊन गरीब पब्लिकवर लाठी चालवतं बे?" आणि ताक, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी असा सल्ला देऊन गिऱ्हाईक परत पाठवतात. असं दुकान चालतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. पण घरात कुणाला काही झालं, की गावाचे पाय आधी तिकडेच वळतात.

मी इथल्या शाळेत मास्तर. पंचेचाळिशीत मला भलताच थकवा यायला लागला. चिडचिड वाढली, पोट सुटलं, आणि बायकोपासून अंग चोरायची सवय लागली. हे बोलायचं कुणाशी? शेवटी एका दुपारी दुकान रिकामं बघून शिरलो आणि मोबाइलवर पाहिलेल्या ताकदीच्या पावडरीचं नाव पुटपुटलो. तेवढ्यात मागे माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील येऊन उभे राहिले. माझे कान तापले.

शेषराव गरजले, "गुरुजी, गॅसवर पावडर नसते घ्याची! पोट साफ होते का?"

मागचे गृहस्थ हसले, आपलं मलम घेऊन गेले. मग शेषरावांनी मला आत स्टुलावर बसवलं आणि आवाज इतका खाली आणला, की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

"पुरुषाचं हार्मोन असते ना गुरुजी, ते काही पोटात बनत नाही. पण पोटातल्या पब्लिकचा त्याच्याशी संबंध हाये, असं शास्त्रज्ञ म्हणून राह्यले. पब्लिक बिघडली का चरबी वाढते, आतून सूज येते, अन् हार्मोनचा तोल जाऊ शकते. सारं पक्कं नाही झालं अजून. म्हणून पावडर देत नाही. पहिले चिखलीले डॉक्टरले दाखवा, रक्त तपासा."

तपासलं. हार्मोन थोडं कमी, साखर काठावर. डॉक्टरांनी वजन, झोप आणि चालणं यांवर बोट ठेवलं; जेवणाच्या ताटावर शेषरावांनी. काही महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. गुण डॉक्टरांचा की पब्लिकचा, मला सांगता येणार नाही. मी घरात पुन्हा हसायला लागलो, एवढं बायको सांगते.

पेढे घेऊन दुकानात गेलो. विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मुद्दाम ओरडलात ना?"

"हाव. पोट बिघडलं म्हणायले कोणाले लाज नाही वाटत." त्यांनी पेढा हातात घेतला. "लग्नाले पाच वर्षं झालती, लेकरू नव्हतं. एका दुकानात मी असंच औषध मांगतलं, त दुकानदार चारचौघांत हसला. मंग गुपचूप अकोल्याले तपासणी केली. खोट माह्यात होती. पोटामुळं होती का कशानं, देव जाणे. पण जीभच उचलली नाही. लोक मात्र माह्या बायकोले, नलूलेच बोलत राह्यले. लेकरासाठी तिनं सोमवारचा उपास धरला, तो अजून सुटला नाही."

"वहिनींना अजून सांगितलंच नाही?"

"तीस वर्षं झाली गुरुजी. आता कोन्या तोंडानं सांगू?"

"मला सांगितलंत, त्याच तोंडानं."

त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, शाळेत जाताना त्यांनी मला हाक मारली. डोळे सुजलेले होते.

"सांगतलं तिले. काल सोमवारी, भर दुपारी."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"लय वेळ दारात बसली. मंग उठली, दोन ताटं वाढली, अन् माह्यासंग जेवली."