अभिनंदनाचा आकडा

“ताई, आकडा इंग्रजीतच घाला बरं का, नायतर गडबड होती,” तारेच्या खिडकीवरच्या नबीलालभाईंनी मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ फॉर्म तोंडात घालू पाहत होतं, आणि मी पडले बी. ए. झालेली! “मराठी राज्यात मराठी आकडा चालत नाही होय?” असं म्हणून मी ऐटीत ७ लिहिला.

शुभेच्छांच्या तारेत मजकूर लिहावा लागत नाही. छापील यादीतल्या वाक्याचा नुसता आकडा द्यायचा. पलीकडे त्याचं वाक्य होतं. सातवं वाक्य सन्मान मिळाल्याबद्दल अभिनंदनाचं. माझा धाकटा भाऊ गोरक्ष राहुरीच्या टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ. पावसात खरखरणाऱ्या लाइनीवरही बोलणं स्वच्छ पोचावं अशी काही जोडणी त्याने बसवली, आणि खात्याचा यंदाचा दूरसंचार पुरस्कार त्याला मिळाला. बहिणीने तार नको का करायला?

पण घाईत लिहिलेला मराठी सात इंग्रजी सहासारखा दिसतो. आणि सहावं वाक्य होतं घरात बाळ आल्याबद्दल अभिनंदनाचं.

गोरक्षचं अजून लग्नच व्हायचं होतं. तार पोचली तेव्हा अकोले गावचे राधाकृष्णराव आपल्या मुलीसाठी त्याला बघायला आले होते. तारवाला दिसताच गोरक्षकडे राहणाऱ्या आमच्या गोजरआत्याने गळा काढला. राधाकृष्णरावांनी कागद हातात घेतला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत वाचला.

“रडू नका, बाई. कुनी गेलं न्हाई, आलंय!”

“कोन आलंय?”

“बाळ. ह्यांचं.”

गोरक्षने तार ओढून घेतली. “अहो, मी... ते... ताईनं...”

“ताई म्हंजे बाळाची आई का?”

“व्हय... न्हाई... म्हंजे व्हय!”

शेवटी तो पाहुण्यांना घेऊन केंद्रात गेला आणि मला ट्रंककॉल लावला. आमच्या शेजारी वकिलांकडे फोन. मी बाळाला घेऊन धावले.

“ताई, तार कशाबद्दल केलीस? नीट सांग, पाहुणे ऐकत्यात.”

पाहुणे म्हणजे होणारे सासरे, हे मला कुठून कळणार? मी म्हटलं, “अरे, तुझ्या पराक्रमाबद्दल! लाजतोस काय? साऱ्या जिल्ह्याला कळू दे!”

तेवढ्यात बाळाने वायर धरली, मी ती सोडवली, त्याने भोकाड पसरलं. गोरक्षची जोडणी अव्वल; ते रडणं राहुरीत बाजूच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू गेलं.

“दमदार हाय पोरगं,” असा एक जाडा आवाज आला आणि कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्णराव आमच्या सावेडीच्या दारात हजर. हे दाढी करत होते. राधाकृष्णरावांनी आधी यांचे कान बघितले, मग बाळाचे. दोन्ही जोड्या सारख्याच बाहेर आलेल्या. मी पाटीवर सात आणि सहा काढून दाखवले, तेव्हा ते खो-खो हसले.

“बाळाचा उलगडा झाला. पन बक्षीस कशाचं म्हनला?”

“बोलणं नीट पोचवण्याचं.”

“अन् त्यो माज्याशी तीन तासांत एक वाक्य धड बोलला न्हाई!”

मी मान खाली घातली. हातचं स्थळ गेलं.

“आसू द्या. आमची छबू दोघांचं बोलती. जमलं म्हना!” चहा संपवून ते उठले. “तुमी आता कायबी कळवू नका. जाता जाता मीच त्यांना तोंडानं सांगतो.”

मी हुश्श केलं. काल, चार दिवसांनी, त्यांचं कार्ड आलं: ‘सुखरूप पोचलो. गाडीत डोळा लागला, राहुरी कधी मागे गेली कळलं नाही. जावईबापूंना तुम्ही सांगितलं असेलच.’

त्याच टपालात आत्याने लिहवून घेतलेलं पत्र: ‘पोरगं चार दिस धड जेवलं न्हाई. बक्षीस माघारी धाडतो म्हनतंय.’

तारेचं आता नाव नको, म्हणून मी लगोलग पत्रानेच उत्तर टाकलंय, पण ते पोचेपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही. वकील फोनच्या खोलीला कुलूप लावून गावाला गेलेत, हे दौऱ्यावर आणि बाळाला दात येतायत. तुमच्यापैकी कुणी राहुरीला उतरणार असेल तर टेलिफोन केंद्रात जरा डोकावा. तोंड पाडून बसलेला एक उंच मुलगा दिसेल. लग्न जमलंय म्हणून सांगा त्याला. आणि तो जेवतोय का, तेवढं बघून या.