सत्तारभाऊंचा इंजिनवाला डबा

ये बापा, जवळ सरक. चार ओळी वाचून पुस्तक उलथं ठेवायची तुझी सवय मले ठाऊक आहे. सत्तारभाऊ पुरते समजल्याबिगर आज उठायचं नाई.

आमच्या नागभीडले, फलाटावर उभी असलेली गाडी सोडून घरी परतणारा एकच माणूस होता. आमचे शेजारी, सत्तारभाऊ गादीवाले. बल्लारशाले लेकीकडे निघायचे, मागं बायको जुबेदाबाई. गाडी आली का भाऊ वाकून पुढं पाहायचे. वेगळं इंजिन जोडलेलं दिसलं का माघारी!

मी विचारे, "काऊन भाऊ, गाडी तर उभी आहे!"

"ती गाडी नाई, बाई. घोडा वेगळा, वरात वेगळी. बात समझो!"

त्यांची गाडी म्हणजे डेमू. आधी आमच्याकडं सारी छोटी लाइन. नव्वदच्या पुढं बल्लारशाकडले रूळ मोठे झाले, पॅसिंजर आली, मग कधीतरी डेमू. तिले वेगळं इंजिन नाई. टोकाच्या डब्यातच मशीन, अन् मशीनच्या भिंतीमागं बसायची बाकं. ड्रायव्हरची खोली दोन्ही टोकांले, म्हणून परततानी इंजिन फिरवायची झंझट नाई.

हे सारं भाऊ गादीच्या गिऱ्हाईकांले सांगायचे. "डिझेल जळते, त्याची वीज होते, वीज चाक फिरवते."

एक म्हातारी म्हणाली, "मग डिझेलनंच काऊन नाई फिरवत?"

"कापूस वावरात, झोप घरात, मधात पिंजारी लागते का नाई? बात समझो!"

म्हातारी गादी उचलून गेली. काय समजली, देव जाणे.

बरं, डेमूत तरी वाऱ्याले बसावं ना! मागच्या डब्यांत जागा, अन् हे बायकोले घेऊन मशीनच्या भिंतीले टेकून. तिथी असा घडघडाट, का दातावर दात वाजावे.

जुबेदाबाईले तापात ऐकू येणं गेलं होतं. लग्नाकार्यात कोणी काही विचारे, ती भलतंच सांगे, पोरी पदरात हसत. मग तिनं उंबरा सोडणंच सोडलं. सुनेच्या हाती निरोप, सणाले दार बंद. भाऊले एकच घोर, ही अशीच घरात सुकून जाईल. निघे ती फक्त भाऊसंग डेमूत बसायले.

मले राहवलं नाई. म्हटलं, "त्या बिचारीले ऐकू येत नाई म्हणून गिरणीत बसवता का?"

भाऊ हसले नाई. "एक बार बसून तर पाहा, बाई."

बसली मी. शेजारची काय बोलते, मले ओ का ठो कळेना. त्या डब्यातल्या रोजच्या बाया गळे ताणून राहिल्या. अन् जुबेदाबाई? ओठ पाहून सारं समजून राहिली! मासोळीची टोपली घेऊन बसलेली पार्वताबाई तिले कोपरानं ढोसून विचारे, "ते काय म्हणते वो?" अन् जुबेदाबाई सांगे. त्या डब्यात बहिऱ्या आम्ही होतो.

मग लेकीले बाळ झालं. मायले पाहायचंय, असा निरोप आला. आम्ही तिघं स्टेशनावर गेलो, तर डेमूच्या जागी इंजिन लावलेली साधी गाडी. भाऊचा चेहराच उतरला. पिशवी उचलली अन् वळले.

जुबेदाबाई नाई वळली. पायरीवर एक पाय ठेवून उभी, ओठ घट्ट. आतून पार्वताबाईनं हात दिला. भाऊ मागून धावले.

आत शांत. बाकी लोकं नवखी. जुबेदाबाईनं पदर पुढं ओढला. तर पार्वताबाई तिच्या समोर बसली अन् आवाज न करता नुसते ओठ हलवू लागली. मग तिच्यासंगची दुसरी मासोळीवाली, मग मी. बाळाच्या नाकावरून, जावयाच्या मायवरून, साऱ्या गप्पा मुक्यानं. जुबेदाबाई खो खो हसली. भाऊ एका कोपऱ्यात, त्यांले काहीच कळेना.

समोरच्या माणसानं त्यांले हळूच विचारलं, "ह्या बाया मुक्या आहेत का हो?"

भाऊनं हसणाऱ्या बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, "नाई. इंजिनवाल्या डब्यातल्या आहेत."

तर बापा, लवकर ये नागभीडले. जुबेदाबाईच्या हातचा चहा पिऊ. फक्त तिच्यासंग बोलतानी समोर बस, अन् तोंडावर हात ठेवू नको.