पाळणाघरातलं झाड

मूल झालं की बाईची सावली आपसूक ॲप्रन बांधते, पण रिन्काच्या सावलीने तो बांधला नाही.

रिन्का जेमतेम विशीची. नवरा महिना महिना मासेमारीच्या बोटीवर. लग्नाआधी तिचा आणि तिच्या मैत्रिणींच्या टोळक्याचा थाट विचारू नका! सोनेरी रंगवलेले केस डोक्यावर टोपलीएवढे रचायचे, पापण्यांवर पापण्या चिकटवायच्या, वीतभर उंच बूट घालून गावभर मिरवायचं. कोहारू जन्मली आणि रिन्काने केस कापले, बूट माळ्यावर टाकले. सावली मात्र ढिम्म. तीच टोपली, त्याच पापण्या. शेजारणी नाकं मुरडायच्या, पण सावलीच ती, तिला कोण समजावणार?

भर उन्हाळ्यात रिन्का पोरीला घेऊन पाळणाघराच्या अंगणात उभी राहिली. सोमवारी नखं रंगवण्याच्या दुकानात रुजू व्हायचं होतं, नाहीतर तिची जागा दुसरीला जाणार होती.

"तुम्ही नीटनेटक्या आहात हो," पाळणाघराच्या संचालिका इवामोतोबाई म्हणाल्या, "पण सावलीचं काय?"

"खूप समजावलं बाई. ऐकतच नाही."

"सावलीला ॲप्रन नाही तर मुलाला प्रवेश नाही. नियम आहे."

रिन्काला रडू कोसळलं. तेवढ्यात उकाड्याने किरकिरणारी पोरं रांगत रांगत बाहेर आली, सावलीच्या केसांखाली शिरली आणि एकेक करून गाढ झोपली. अंगणातलं कापराचं झाड मागच्या वादळात पडलं होतं, आणि झाडाशिवाय पाळणाघर चालवायचं नाही, असाही नियम होता.

इवामोतोबाईंनी टेप आणून सावली मापली. "झाड म्हणून चालेल," त्या म्हणाल्या.

"आणि कोहारूचा प्रवेश?"

"झाडाच्या पोराला प्रवेश कशाला लागतो? ते आवारातच असतं."

"अहो, पण मला कामावर जायचंय!"

"तुम्ही खुशाल जा. झाड कुठे जातं?"

सोमवारी रिन्का सावलीशिवाय कामावर गेली. संध्याकाळी दोघींना न्यायला आली, तेव्हा सावलीच्या केसांना पोरांच्या टोप्या अडकवलेल्या होत्या.

"छळलं का गं पोरीने?" तिने विचारलं. सावली दमलेली दिसत होती, पण खुशीत होती.

पानगळीत सावलीच्या पापण्या गळाल्या. झाड म्हटलं की गळायचंच. इवामोतोबाईंनी अंगण झाडून घेतलं. रिन्काचा जीव मात्र हिवाळाभर टांगणीला लागला होता. वठली तर?

वसंतात पापण्यांना नवी पालवी फुटली, पहिल्याहून लांब. रिन्काला इतका आनंद झाला की तिने माळ्यावरचे बूट काढले, पुसले आणि घातले. कोहारूला आणि सावलीला सोडायला ती तशीच, खाड खाड वाजवत, फाटकाशी आली.

इवामोतोबाईंनी बुटांकडे पाहिलं, मग सावलीकडे.

"वीतभर वाढली," त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता वाळूत खेळणाऱ्या पोरांपर्यंत पोचेल."