परवानाधारक ट्रक

माझी मधली मुलगी लिला हिचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९९३ मध्ये, एका ट्रकला दारू पिण्याचा रीतसर परवाना मिळाला. पिणं वाईट नसतं, विनापरवाना पिणं वाईट असतं. माणसाला हे उशिरा कळतं, कागदाला आधीपासून माहीत असतं.

जावई निवडताना मी शेत पाहिलं नाही, घर पाहिलं नाही. बोदवडच्या विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारूच्या शीलाला, मंडळींचा आवाज जरा खाली येतो (माझ्या मोजणीप्रमाणे दहांपैकी सहांचा). सुपडूचा आवाज तिथे वर गेला. मी होकार देऊन टाकला.

सुपडू अमळनेरच्या मोतीलाल शेटचा ट्रक चालवायचा. चोपड्याहून केळी भरायची, शिरपूरवरून सेंधव्याचा घाट चढायचा, माल इंदूरला उतरवायचा. ट्रक अकरा वर्षांचा होता आणि घाटात त्याला धाप लागायची. म्हणून शेटने तो धुळ्याला तोताराम मिस्त्रीकडे नेला. तोतारामने भंगारातून एक टर्बो आणून बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनाच्या नाकात वारा कोंबणारा पंखा. एवढ्या वाऱ्यावर नुसतं डिझेल पाजणं तोतारामला कंजूषपणाचं वाटलं. त्याने मात्रा ठरवली: दहा लिटर डिझेल, दोन लिटर साखर कारखान्याचं स्पिरिट, वाटीभर एरंडेल.

"गाडी बी माणूसच शे, आबा," तो मला म्हणाला. "चढावर तिले बी घोट लागस."

ट्रक खरोखर घाट चढला. लगेच एक पर्यायी इंधन प्रचार मंडळ स्थापन झालं, त्याला अध्यक्ष मिळाला, अध्यक्षाला हार मिळाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्पिरिट ही कायद्याने दारू आहे आणि आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. इंजिनासाठी वेगळा फॉर्म कचेरीत नव्हता. माणसांचा होता, तो भरला.

पिणाऱ्याचं नाव: ट्रक. बापाचं नाव: मोतीलाल. पत्ता: फिरता. वयाला कारकून अडला. अकरा वर्षांच्या अर्जदाराला दारू देता येत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तोतारामने चेसिसची अकरा, इंजिनाची नऊ आणि टर्बोची सात अशी बेरीज करून सत्तावीस वर्षं भरवली. प्रकृतीचा दाखला माणसांच्या डॉक्टरने नाकारला, तो गुरांच्या डॉक्टरने दिला: "चढावर श्वास लागतो. डोस आवश्यक. सवय एकदम तोडू नये." अर्जदार निरक्षर असल्याने मागच्या डाव्या टायरला शाई फासून ठसा घेतला. ठसा सात पानं व्यापून राहिला. सातही पानांवर शिक्के बसले. कुणाचं काम ढिलं होतं, असं मी म्हणणार नाही.

मंडळाच्या अहवालात धूर एकतीस टक्के घटल्याचं लिहिलं आहे. (मोजायला आलेले दोघे धुरापेक्षा स्पिरिटच्या कॅनजवळ जास्त बसले.) वाटेत उडून जाणारं स्पिरिट अठरा टक्के भरलं, ट्रक कचेरीसमोर उभा असला की चाळीस. उन्हाने असं होतं. पावसाळ्यातही झालं. स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू औषध घालायचा ठराव आला होता, पण ट्रकच्या तब्येतीला बाधेल म्हणून सभासदांनी तो एकमताने फेटाळला.

तयार मिश्रण फार वेळ ठेवलं की दुधासारखं फाटायचं, म्हणून सुपडू कॅन बरोबर ठेवून वाटेतच थोडं थोडं कालवायचा. त्याच्या कपड्यांना वास बसला. सणाला घरी आला तेव्हा लिलाने त्याचा सदरा दोनदा धुऊन टाकला, तरी शेजारची भागाबाई नाकाला पदर लावून गेली.

"मामा," तो मला म्हणाला, "ट्रक पेस, मी नई. पण लोके मन्हाच तोंडना वास लेतस."

"लेऊ दे," मी म्हणालो. "कागद पक्का शे."

"कागद ट्रकना शे, मामा."

मी हसलो. त्या महिन्यात मी फार हसत होतो, कारण मी साक्षर झालो होतो. आमच्या गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता. जो सही करील तो साक्षर, अशी मोजणी होती, म्हणून मास्तरांनी अक्षरं मागे ठेवून सह्या आधी शिकवल्या. तीन आठवड्यांत गाव शंभर टक्के साक्षर झालं आणि वर्ग बंद पडला. साठाव्या वर्षी मला माझं नाव लिहिता येत होतं. दुसऱ्याचं वाचता येत नव्हतं.

परवान्याच्या पाठीमागे अटी होत्या. त्यांतली नववी अशी, की गांधी जयंतीला पिणाऱ्याने पिऊ नये आणि शिल्लक साठा लाखेने बंद करून जबाबदार इसमाच्या ताब्यात ठेवावा. दोन ऑक्टोबरला चोपड्यात केळी भरून तयार होती. केळी जयंती पाळत नाहीत, ती पिकतात. सुपडूने टाकीत नुसतं डिझेल भरलं, कॅनला लाख लावून घेतली आणि तो कॅबिनमध्ये आपल्या सीटला बांधला. जबाबदार इसम तोच होता.

तोतारामने इंजिन स्पिरिटच्या सवयीने लावलेलं होतं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर ते खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. (सवय एकदम तोडू नये, हे डॉक्टरने लेखी दिलं होतं. ते फाइलला आहे.) इंजिन बंद तसा ब्रेकचा वाराही संपत गेला. ट्रक मागे घरंगळला आणि उलटून नाल्यात पडला. कॅन फुटला, तो सुपडूच्या अंगावर.

मोतीलाल शेटच्या जीपमधून मी पोचलो तेव्हा पंचनामा चालू होता. सगळं पाहिलेला एकच माणूस होता, शेळ्या चारणारा बिजला पावरा. हवालदाराने त्याच्यापुढे शाईचा डबा धरला. बिजलाने हात मागे घेतला.

"पयले वाची दाखाड," तो म्हणाला. "काय लिखेल शे ते ऐकू दे, मंग अंगठा."

"तुला वाचून काय कळणार?"

"तो पेयेल नई व्हता. त्याना आंगवर सांडेल शे."

हवालदाराला वेळ नव्हता. अडाणी पंच चालत नाही, असं म्हणून त्याने बिजलाला बाजूला केलं आणि विचारलं, सही कुणाला येते? शेटच्या मुनिमाने हात वर केला. मीही केला. खरं तर मयताच्या सासऱ्याला पंच घेत नाहीत, पण नातं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सही छान आली. काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असं म्हणायची मला लाज वाटली. अंगठेवाल्याला लाज नसते.

पंचनाम्यात होतं: "चालकाच्या अंगास दारूचा उग्र वास. चालकाकडे परवाना नाही. कोरडा दिवस." ट्रकवर कसलाही ठपका आला नाही. त्याचे कागद पक्के होते.

लिलाने नुकसानभरपाई मागितली नाही. तेराव्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आबा, तो दारूना शब्द खोडाले लाव. माले बाकी काही नको." मी कचेरीत गेलो. साहेबांनी कागद काढून माझ्यासमोर धरला आणि नम्रपणे विचारलं, "ही सही कुणाची?"

त्यानंतर मी वाचायला शिकलो, अक्षरं आधी. दोन वर्षं लागली. पंचनामा पहिल्यांदा पुरता वाचला तेव्हा लिलाच शेजारी बसली होती, एका जोडाक्षराला तिने मदत केली. शब्द अजून तिथेच आहे.

तुम्हाला लहानपणापासून वाचता येतं. तरी मी ट्रकची दारू म्हणालो तेव्हापासून ड्रायव्हरने किती घेतली असेल, याचा अंदाज तुम्ही बांधत होतात, आणि तुमची सही माझ्यापेक्षा चांगली आहे.

माझा जावई सुपडू शनिवारी, दोन ऑक्टोबर १९९३ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास घाटात वारला. तो दारू पीत नव्हता.