दॉकसूच्या तोंडाची साल

थोरल्या काकांनी दारावरची घंटा वाजवली, तेव्हा दॉकसूच्या हनुवटीवरून एक पापुद्रा लोंबत होता आणि तो ओढायचा नाही, अशी क्लिनिकची सक्त ताकीद होती.

"उघडू नकोस," तो बायकोला म्हणाला.

"अहो, मी 'आले हं काका' म्हणून बसलेय," मिरान म्हणाली.

मुलीच्या लग्नाच्या फोटोंत गालावरचे डाग नकोत, म्हणून दॉकसूनं शनिवारी गुपचूप केमिकल पील, म्हणजे औषध लावून चेहऱ्याची वरची कातडी काढायचा उपचार, करून घेतलं होतं. "आधी लाली, मग चेहरा ताणल्यासारखा वाटेल, मग साल निघेल. आठवड्यात सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे दिसाल. ऊन मात्र वर्ज्य," असं नर्सनं सांगितलं होतं. अडचण एवढीच, की कोरियातल्या रिवाजाप्रमाणे सुगीच्या सणाआधी डोंगरावरच्या आजोबांच्या कबरीवरचं गवत कापायची त्याची पाळीही त्याच शनिवारी होती. ऑफिसच्या नावाखाली ती दोनदा चुकवून झालेली. यंदा चुकवलीस तर लग्नाला घराण्यातलं कुणी फिरकणार नाही, हे काकांनी बजावलं होतं. तेव्हा दॉकसूनं भाड्याची माणसं पाठवली आणि काकांना फोनवर सांगितलं, "मीच कापलं."

काका दारात वाकून बूट काढता काढताच सुरू झाले. "कबर बघून आलो. कडा कशा, रेघ मारल्यासारख्या! आपल्या घराण्यात असं कुणालाही कापता येत नाही. तुझा बाप कापायचा, तर कबरीला उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसायचं. खरं सांग, माणसं लावलीस ना?"

आणि त्यांनी मान वर केली.

कपाळ लालभडक, नाक सोललेलं, गालांवर पोपडे. काकांच्या हातातला बूट खाली पडला.

"अरे बाळा! टोपी नव्हती का रे?"

दॉकसूनं मिरानकडे पाहिलं. मिराननं छताकडे.

"घाईत... राहिली, काका."

"आजोबांसाठी तोंड भाजून घेतलंस, आणि मी मेला तुझ्यावर संशय घेतो!" काकांनी डोळे पुसले. "सूनबाई, बटाटा किस. भाजल्यावर त्यासारखं औषध नाही."

"नको, काही लावायचं नाही असं..." दॉकसू बोलून गेला.

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही," दॉकसू म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

काकांनी आपल्या राकट, शेतकरी हातानं कीस चोळला. हाताबरोबर एका गालाची साल सुटून आली. खाली गुलाबी, तुकतुकीत कातडी.

"बघ! बटाट्याचा गुण!" काकांनी तिथूनच भावाबहिणींना फोन लावले. लग्नाला सगळे येणार होते. गवत कापणारा असा पोरगा घराण्यात दुसरा नव्हता.

"माझे गुडघे गेले," ते निघताना म्हणाले. "उरलेल्या कबरी ह्या शनिवारी तूच काप. गवत कापायचं मशीन गाडीतच आहे, वर आणून ठेव."

मशीन आणायला दॉकसू खाली गेला. काका मात्र दारात घुटमळले. आपल्या सुरकुतलेल्या गालावरून हात फिरवत त्यांनी आवाज खाली आणला.

"सूनबाई, तो उरलेला कीस दे बांधून. लग्नात फोटो काय, माझेही काढतीलच की."