दोन राजांची मैत्री आणि सगुणाचं माहेर

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. करणारच. सिंहाला दुसरं काय येतं?

जंगलाच्या कडेनं नदी होती आणि नदीपलीकडे दुसरं जंगल. तिथे वाघ राज्य करत होता. हे दोन्ही राजे एकमेकांना ओळखत नव्हते, त्यामुळे दोन्ही जंगलांचं उत्तम चाललं होतं. नदीत खडकांची एक ओळ होती. भर श्रावणातसुद्धा त्यांवरून उड्या मारत पलीकडे जाता यायचं. हरणं या काठाला चरायची आणि त्या काठाला झोपायची. तुम्ही मूळचे कुठले, असं त्यांना कुणी विचारत नसे.

वाघाच्या जंगलात साप फार. खुद्द वाघ गुहेत शिरताना आधी शेपूट आत घालून बघायचा. हसू नका, तुम्ही असता तर तेही केलं नसतं. तर या सापांच्या बंदोबस्तासाठी सिंहाच्या जंगलातली मुंगसं तिकडे कामाला गेली होती. गेली ती तिथेच राहिली. बिळं केली, पोरं झाली, पोरं तिकडच्या बोलीत भांडू लागली. मोठी मंडळी मात्र रोज संध्याकाळी नदीकाठी बसून "आमच्याकडे असं नव्हतं हो" म्हणायची. असे काका-मामा तुमच्याही नात्यात असतील. त्यांना नावं ठेवू नका, येताना खाऊ आणतात ते.

या मुंगसांत सगुणा नावाची एक होती. सापांना सुट्टी नाही म्हणून हिलाही नाही. सुट्टी फक्त नागपंचमीला. त्या दिवशी सापाला धक्का लावायचा नाही, अशी रीत दोन्हीकडे होती. आणि नागपंचमी म्हणजे लेकींनी माहेरी जायचा सण. सगुणा सकाळी निघायची, खडकांवरून पलीकडे जायची आणि दिवसभर आईजवळ बसायची. आई आता फार म्हातारी झाली होती. तिला दिसत नव्हतं. गेल्या खेपेला तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवत विचारलं होतं, "पुढच्या पंचमीला येशील ना गं? मी थांबते तोवर."

असं कुणी म्हटल्यावर वर्षभर दुसरं काही सुचतं का? सगुणालाही सुचलं नाही.

त्याच वर्षी सिंहाच्या प्रधानाला, म्हणजे कोल्ह्याला, एक शोध लागला. तो सिंहाला म्हणाला की महाराज, शेजारच्या जंगलाशी आपली मैत्रीच नाही. सिंह दचकला. वैर आहे का, असं त्यानं विचारलं. वैरही नाही, कोल्हा म्हणाला, काहीच नाही, आणि ते जास्त वाईट दिसतं.

झालं. निरोप गेले, निरोप आले. नदीतल्या मधल्या खडकावर दोन्ही राजांनी भेटायचं ठरलं. पण मैत्री म्हटली की टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं. वाघाच्या काठावर सिंहासाठी टाळ्या कोण वाजवणार? मुंगसं. मुंगसं मोकळी कधी? नागपंचमीला. म्हणून मुहूर्तही तोच धरला.

कोल्हा स्वतः मुंगसांना भेटायला गेला. तुम्ही म्हणजे दोन जंगलांना जोडणारा पूल आहात, म्हणाला. मुंगसांना गहिवरून आलं. इतकी वर्षं साप मारले, पण पूल कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यानं हळूच सांगितलं की बंदोबस्तासाठी खडकांची वाट तीन दिवस बंद राहील.

सगुणा उठून उभी राहिली. आई वाट बघते आहे, तिचं वय झालं आहे, मला जायलाच हवं, असं तिनं सरळ सांगितलं.

"सगुणाबाई," कोल्हा म्हणाला, "काय ओढ आहे हो तुमच्या आवाजात. समारंभात माहेरचं गाणं तुम्हीच म्हणा."

आणि तसं त्यानं वहीत लिहूनही घेतलं.

समारंभ थाटात झाला. सिंहानं आपल्या काठचं पाणी वाघाला भेट दिलं. वाघानं आपल्या काठचं पाणी सिंहाला दिलं. नदी एकच. तरी दोघांनी घोटभर पिऊन, चव काही वेगळीच आहे, असं सांगितलं.

मग सगुणा गाऊ लागली. पलीकडच्या गर्दीत तिची आई बसली होती. शेजारणींनी तिला हाताला धरून आणलं होतं. लेकीचा आवाज कानावर पडला तशी म्हातारी उठली आणि चाचपडत पाण्याकडे निघाली. पहाऱ्यावरच्या रेड्यानं तिला अडवलं. आजी मागं बसा, मैत्री चालू आहे, असं तो म्हणाला.

सगुणानं ते पाहिलं आणि तिचं गाणं तिथेच तुटलं. "आई, मला येऊ देत नाहीत गं," एवढं ती कशीबशी ओरडली आणि ढसाढसा रडू लागली.

राजांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे. वाघानं डोळे पुसले. सिंहानं तिथल्या तिथे जाहीर केलं की असा सोहळा दर नागपंचमीला होईल. खडकांवर मैत्रीची कमान उभी राहील आणि तिथून परवाना दाखवूनच जाता येईल.

सगुणानं परवान्यासाठी अर्ज केला. अर्जात जाण्याची तीन कारणं छापली होती: व्यापार, शिष्टमंडळ, कलापथक. आई हे कारण त्यात नव्हतं. अर्ज परत आला. वर्षभर ती येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांना विचारत राहिली. पाखरं सांगायची, आहे म्हातारी, पण आता जेवत नाही फारशी.

पुढची नागपंचमी दोन दिवसांवर आली. कमानीवर दोन्ही राजांची नावं कोरायची होती. आधी कुणाचं? सिंह म्हणाला माझं, वाघ म्हणाला माझं. कोल्ह्यानं नावं गोलाकार कोरायची तोड काढली, तर गोल कुठून सुरू करायचा यावरून दोघं गुरगुरले. संध्याकाळपर्यंत मैत्री तुटली. पलीकडच्याचं तोंड बघायचं नाही, असे दोन्हीकडून हुकूम निघाले. रेडे आपापल्या घरी गेले. नदीवर कुणी बघायलाच उरलं नाही.

मुंगसांनी गळा काढला. आता आपलं कसं होणार, दोन जंगलांचं कसं होणार, असं जो तो म्हणत होता. सगुणा तोवर तिसऱ्या खडकावर पोचली होती.

आई दारातच पडून होती. सगुणानं तिचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. म्हातारीनं लेकीचं तोंड नीट चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "किती दिवस राहशील?"

"त्यांचं भांडण मिटेपर्यंत," सगुणा म्हणाली.

म्हातारीनं लगेच हात जोडले. या दोन्ही राजांचा अभिमान असाच शाबूत ठेव, असं तिनं देवाला अगदी मनापासून सांगितलं, आणि मग बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

तात्पर्य: शेजाऱ्यांशी मैत्री जरूर असावी. फक्त ती राजाच्या कानावर जाऊ देऊ नये.